मुष्टिप्रहाराच्या थैल्याचे वजन



वऱ्हाडास व्यायामाचे वेड नवे नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेले रोपटे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ह्या नावाने वाढले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी ह्याच मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. अकोल्यास आज मुष्टियुद्ध शिकणारी मुले आहेत, तशा मुलीही आहेत. हे शिक्षण घरापर्यंत पोहोचले म्हणजे कोणीतरी एक पोते आणतो, त्यात वाळू भरतो, ते ओसरीच्या तुळईस टांगतो आणि त्यावर ठोसे मारू लागतो. आठवडाभरात मनगट सुजते, आणि घरातील वडील मंडळी सगळ्या विद्येलाच दोष देतात. दोष विद्येचा नसतो. तो थैल्याच्या वजनाचा आणि भरण्याचा असतो. म्हणून ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न प्राचीन आहे. ग्रीक लोकांच्या व्यायामशाळांत ‘कोरिकस’ नावाचा थैला टांगीत. तिसऱ्या शतकातील लेखक फिलोस्ट्रेटस म्हणतो की, केवळ मुठींनी लढणाऱ्याचा थैला हलका असावा. मात्र हातापायांनी व अंगाने झुंजणाऱ्याचा अधिक जड असावा, कारण त्यास थैल्याचा धक्का सोसून तोल सांभाळावयाचा असतो. त्याच्याही पूर्वीचा अँटिलस नावाचा वैद्य सांगतो की, दुर्बळांसाठी थैल्यात अंजिराच्या बिया किंवा पीठ भरावे, बलवानांसाठी वाळू. आकार वयाप्रमाणे ठरवावा, आणि थैल्याचा तळ बेंबीच्या उंचीवर यावा. थैल्याचे वजन मारणाऱ्यावरून ठरते, हे तत्त्व त्यांस पूर्ण अवगत होते. आपल्या तालमीतही नवख्याच्या हाती वस्तादाचा मुद्गल कोणी देत नाही.

आता वजनाने नेमके काय होते ते पाहू. ठोसा थैल्यास ठराविक संवेग देतो. तोच ठोसा २० किलोच्या थैल्यास एक हात मागे ढकलीत असेल, तर ४० किलोच्या थैल्यास सुमारे अर्धा हात ढकलील. वजन दुप्पट, झोका निम्मा. थैला फार हलका असला तर पहिल्याच ठोशाला तो लांब पळतो आणि दुसरा ठोसा हवेत जातो. फार जड असला तर तो जागचा हलत नाही, आणि प्रहाराचा जोर मनगटास व खांद्यास सोसावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. थैला परत येण्यास लागणारा वेळ वजनावर अवलंबून नसून टांगणीच्या लांबीवर असतो. तो लंबकाचाच नियम आहे. आकड्यापासून थैल्याच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर असेल तर एक येरझार सुमारे २ सेकंदांत होते. २ मीटर असेल तर सुमारे २.८ सेकंद लागतात. तेव्हा थैला आपल्या तालात परत येत नसेल, तर वाळू वाढवून उपयोग नाही. साखळी लांब अथवा आखूड करावी.

सर्वसाधारण आडाखा असा की, केवळ ठोशांसाठी थैल्याचे वजन मारणाऱ्याच्या वजनाच्या निम्मे असावे. ६० किलोच्या तरुणास ३० किलो पुरे. लाथांचाही अभ्यास करावयाचा असेल तर दोनतृतीयांशापर्यंत, म्हणजे ४० किलो, जावयास हरकत नाही. वाढत्या वयाच्या मुलास एकतृतीयांश बेताचा. ३६ किलोच्या मुलास १२ किलोचा थैला द्यावा. हा नियम वेदवाक्य नव्हे. मध्यम जोराच्या ठोशाने थैला थोडा हलून, पुढचा ठोसा वेळेवर लागेल इतपत स्थिर राहिला, की वजन योग्य समजावे.

वजनाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची गोष्ट कठीणपणा ही होय. दोन्ही एक नव्हेत. कापसाच्या प्रदेशात हे निराळे समजावून सांगावयास नको. सुटी रुई किती मऊ. परंतु प्रेसमधून बांधून निघालेल्या १७० किलोंच्या गाठीवर मूठ आपटून पाहावी! मूठ किती थोड्या वेळात थांबते त्यावर इजा अवलंबून असते. मऊ थर मुठीस हळूहळू थांबवितो. दाबून बसलेली वाळू एकदम थांबविते. करंगळीच्या मागचे तळहाताचे हाड मोडणे ही चुकीच्या ठोशाने होणारी नेहमीची दुखापत आहे, आणि कठीण थैला तिला निमंत्रणच देतो.

आता हिशेब करू. ३५ सेंटीमीटर व्यासाचा आणि १ मीटर उंचीचा थैला घेतला तर त्यात सुमारे ९६ लिटर जागा असते. कोरडी वाळू लिटरला सुमारे १.६ किलो भरते. म्हणजे हा थैला वाळूने भरल्यास १५० किलोंवर जाईल. तो माणसाने मारण्याचा थैला नसून तुळई पाडण्याचे साधन होय. त्याच थैल्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या चेपून भरल्या तर लिटरला पाव ते तृतीयांश किलो, म्हणजे एकंदर २४ ते ३२ किलो वजन होते. घरोघर पडलेल्या जुन्या लुगड्यांनी व धोतरांनी, कसलीही खरेदी न करता, योग्य वजन साधते. नुसती रुई फार हलकी पडते आणि दबून तिचे गोळे होतात. सरकी व धान्य ह्यांना कीड आणि उंदीर लागतात, म्हणून ती वर्ज्य.

वजन कमी पडल्यास वाळू घालावी, पण सुटी नव्हे. सुटी वाळू तळाशी उतरते, मग थैला खाली दगड आणि वर उशी असा होतो. धुऊन वाळविलेली वाळू एकेक किलोच्या दुहेरी कापडी पिशव्यांत शिवावी, आणि ह्या पिशव्या थैल्याच्या मध्यभागी, वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर ठेवाव्यात. भोवती चारी बाजूंनी चिंध्यांचा निदान दहा सेंटीमीटरचा थर राहावा. ह्या योजनेत दुसराही लाभ आहे. चिंध्या २४ किलो असतील, तर भावासाठी सहा पिशव्या घालाव्यात आणि बहिणीसाठी त्या काढून घ्याव्यात; एका थैल्यावर दोघांचे काम भागते. आवरणास गोणपाट नको, तो बोटांची साले काढतो. जाड कित्तान किंवा जुनी सतरंजी दुहेरी शिवून वापरावी.

राहता राहिला टांगण्याचा प्रश्न. स्थिर थैला तुळईवर आपल्या वजनाइतकाच भार घालतो. परंतु ६० अंशांपर्यंत झोका गेला, तर खालून जाताना तो भार दुप्पट होतो, आणि हिसके निराळेच. ३० किलोंच्या थैल्यासाठी आधार निदान १५० किलो सहज पेलणारा असावा. जुन्या वाड्यातील सागवानी तुळई बहुधा पुरते, पण तीस वाळवी लागली नाही ना हे टोचून पाहावे. सिमेंटच्या घरात आकडा छताच्या काँक्रीटमध्ये पक्का बसवावा. गिलाव्यात किंवा पत्र्याच्या आधाराला मुळीच नको. अंबाडीच्या दोरापेक्षा लोखंडी साखळी बरी. पावसाळ्यात चिंध्या ओल धरतात, कुजतात आणि वजन वाढवितात. तेव्हा पावसाळा संपताच थैला उघडून, उन्हात वाळवून, पुन्हा तोलून भरावा.

अखेरची सूचना पालकांस. मुठीस पट्टी बांधल्यावाचून मुलास थैल्यासमोर उभे करू नये, आणि पहिले पंधरा दिवस जोर न लावता केवळ मूठ सरळ व मनगट ताठ ठेवण्याचा सराव करवून घ्यावा. थैला जड असणे ही भूषणाची गोष्ट नाही. मुलाची ताकद वाढेल तशी एकेक पिशवी वाढवावी. शेजारच्या घरी किती वजनाचा थैला टांगला आहे, ह्यावरून मात्र वाढवू नये. इतके पथ्य पाळल्यास घरचा थैला हाडे मोडण्याचे नव्हे, तर ती बळकट करण्याचे साधन ठरेल.