विश्लेषण : पेसमेकर बसवल्यानंतर फाउंड्रीत काम करता येते का?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे कोल्हापूर फाउंड्रीचे शहर म्हणून ओळखले जाते. भट्टी किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्याला पेसमेकर बसला, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न नोकरीचा असतो. त्याचे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही.

पेसमेकर काय करतो?
विश्रांतीच्या वेळी हृदयाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० पडतात. हृदयातील नैसर्गिक विद्युत यंत्रणा बिघडली, की ते मंदावतात. चक्कर येते, शुद्ध हरपते. पेसमेकर ठोक्यांवर लक्ष ठेवतो आणि ठोका वेळेत पडला नाही, तर विजेचा सूक्ष्म संकेत देतो. हृदयविकाराचा झटका मात्र तो रोखत नाही.

भट्टीजवळ धोका कशाचा?
इंडक्शन भट्टी आणि आर्क वेल्डिंगमुळे तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होते. पेसमेकर त्यालाच हृदयाचा ठोका समजून गप्प राहू शकतो. पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून असलेल्या रुग्णाला अशा वेळी चक्कर येऊ शकते आणि भट्टीशेजारी ती जिवावर बेतू शकते. दूर गेल्यावर बहुतेक वेळा यंत्र पूर्ववत चालते. म्हणून रुजू होण्यापूर्वी कामाची जागा, यंत्रे आणि वेल्डिंगचा करंट यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. काहींना केवळ विभाग बदलून काम सुरू ठेवता येते.

घरात काय जपावे?
मोबाइल शर्टच्या खिशात ठेवू नये. तो पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे.

तपासणी कशासाठी?
बॅटरी अनेक वर्षे टिकते, पण संपण्याआधी यंत्र बदलावे लागते. ती किती उरली, ठोक्यांत अनियमितता आली का, हे साधारण ६ ते १२ महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत कळते. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला सतत संकेत मिळाल्याने काहींचे हृदय कालांतराने कमकुवत होते. दम लागणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे वयावर ढकलू नयेत.

किती वर्षे जगता येते?
शरीरात पेसमेकर बसवलेले जगातील पहिले रुग्ण स्वीडनचे अर्ने लार्सन. १९५८ मध्ये बसवलेले त्यांचे पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. त्यानंतर अनेकदा पेसमेकर बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.