नवनाथांची दैवी उत्पत्ती : ‘नवनाथ भक्तिसारा’तील अवतारकल्पनेचे प्रयोजन

मंत्राने भुतांना बांधणारा आणि भस्माच्या चिमटीने प्रतिपक्षाला रोखणारा पुरुष लोकव्यवहारात मांत्रिक ठरतो. त्याचा धाक असतो, त्याची भक्ती होत नाही. मालू धुंडीसुत यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (शके १७४१, इ. स. १८१९) या ४० अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात नवनाथ हेच सारे करतात, तरीही पेण-रोह्यासह महाराष्ट्रभर या पोथीचे श्रद्धेने पारायण होते. मांत्रिक आणि उपास्य सिद्ध यांतील सीमारेषा ग्रंथ कशी आखतो, याचे उत्तर त्यातील उत्पत्तिकथांत सापडते.

ग्रंथारंभी श्रीकृष्ण नवनारायणांना द्वारकेत बोलावून कलियुगात अवतार घेण्यास सांगतो. त्यानुसार कवी मच्छिंद्र, हरी गोरक्ष, अंतरिक्ष जालंदर, प्रबुद्ध कानिफ, पिप्पलायन चर्पटी, आविर्होत्र वटसिद्ध नागनाथ, द्रुमिल भर्तरी, चमस रेवण आणि करभाजन गहिनी होतो. हे नऊ जण भागवताच्या एकादश स्कंधात ऋषभपुत्र म्हणून येतात आणि निमिराजाला भागवतधर्म सांगतात. तेथे ते ज्ञानोपदेशक आहेत. मंत्रयुद्धाशी त्यांचा संबंध नाही. मालूकवीने ज्ञानी ऋषींना सिद्धांचे सामर्थ्य आणि सिद्धांना ऋषींची प्रतिष्ठा दिली, असे म्हणता येईल.

जन्मकथांतही हेच सूत्र आहे. मच्छिंद्र मत्स्याच्या उदरातून, जालंदर यज्ञकुंडातून, कानिफ हत्तीच्या कानातून, तर गोरक्ष उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून प्रकटतो. मानवी मातेच्या गर्भातून न झालेल्या या जन्मांमुळे नाथ कुळ आणि जात यांच्या चौकटीबाहेर उभे राहतात. गहिनीचा जन्म विशेष सूचक आहे. गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत असता त्याने घडविलेल्या मातीच्या पुतळ्यात प्राण येतो आणि करभाजन त्यात संचार करतो. मंत्र येथे केवळ शस्त्र राहत नाही. तो अवताराचे द्वार होतो.

कोकणच्या वाचकाला ग्रंथातील युद्धप्रसंग अधिक अर्थपूर्ण वाटावेत. मच्छिंद्र ज्यांच्याशी झुंजतो ते वेताळ, कालिका, वीरभद्र हे ग्रामदैवतांच्या परिचित विश्वातील आहेत. हरेश्वराच्या प्रसंगी वीरभद्र मच्छिंद्राला त्याचा पंथ विचारतो आणि त्याची वेषचिन्हे वेदबाह्य ठरवतो; युद्ध त्यातूनच उद्भवते. म्हणजे वाद सामर्थ्याचा नसून अधिकाराचा आहे. नवनारायणांचा अवतार हे या आक्षेपाला ग्रंथाने आधीच देऊन ठेवलेले उत्तर होय. पराभूत दैवतेही नष्ट होत नाहीत. ती वर देऊन नाथांची साहाय्यक होतात.

ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) अखेरीस मात्र परंपरा आदिनाथ शिवापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी येते. तेथे अधिकाराचा उगम गुरुक्रमात आहे. पाचशेहून अधिक वर्षांनंतरच्या पोथीत त्याला विष्णुपरंपरेतील पूर्वजन्माची जोड मिळते. मूळच्या शैव संप्रदायाचे भागवतधर्माशी झालेले हे मीलन अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

अशी योजना एकट्या मराठी पोथीची नाही. टॉल्किन या इंग्रजी लेखकाच्या कल्पित पुराणविश्वातही जादूगार हे मुळात दिव्य सत्त्वे असून वृद्धांच्या देहात पाठविलेले असतात. तेथे सारुमान सत्तालोभाने पतित होतो. येथे मच्छिंद्र स्त्रीराज्यात गुंततो. दैवी उगम दोन्हीकडे स्खलनापासून अभय देत नाही. परंतु सारुमान परत येत नाही, मच्छिंद्राला गोरक्ष परत आणतो. गुरूला शिष्याने सोडविण्याचा हा प्रसंग पाहता, अवतारकल्पना नाथांना अधिकार देते. तो अधिकार टिकवते ती मात्र गुरुशिष्यांची परस्परनिष्ठा, हाच ग्रंथाचा अंतिम निर्वाळा दिसतो.