कुत्रा शिकतो कसा? : अभिसंधानाचा धडा घरच्या अंगणात



डी.एड.च्या मानसशास्त्रात आपण सगळ्यांनीच पावलॉव्हचा कुत्रा पाठ केला. घंटा, अन्न, लाळ, झालं उत्तर! पण घरचा कुत्रा हाक मारूनही येत नाही, तेव्हा हा सिद्धांत कोणाला आठवत नाही, आठवते ती काठी. म्हणून आज हा धडा पुन्हा वाचू या. ज्या घरात कुत्रा आणि लहान मूल दोन्ही आहेत, त्यांनी तर नक्कीच वाचावा.

१) अभिजात अभिसंधान

इव्हान पावलॉव्ह हे रशियन शरीरशास्त्रज्ञ. पचनक्रियेच्या अभ्यासासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. अन्न येण्याआधीच कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांनी पाहिलं. अन्नाआधी एखादा ठरावीक आवाज वारंवार केला, तर पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते.

इथे कुत्र्याला मुद्दाम काही करावं लागत नाही. लागोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टींची त्याच्या मनात जोडी जमते. आपण साखळी हातात घेतली की त्याची शेपटी हलते, ती यामुळेच. भीतीही अशीच जोडली जाते. दिवाळीत गच्चीवर असताना जवळ मोठा फटाका फुटला, तर काही कुत्री नंतर गच्चीच्या पायऱ्याही चढत नाहीत.

२) साधक अभिसंधान

थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा होते, हा त्यांचा परिणामाचा नियम. पुढे स्किनर यांनी हाच विचार विस्ताराने मांडला. कुत्र्याच्या उदाहरणाने बघा :

• धन प्रबलन : कुत्रा बसला, पोळीचा तुकडा मिळाला. बसणं वाढतं.
• ऋण प्रबलन : पट्टा ताणलेला होता, तो जवळ आला आणि ताण सुटला. जवळ येणं वाढतं.
• शिक्षा : अंगावर उडी मारली की आपण पाठ फिरवली, लक्ष देणं बंद केलं. उडी मारणं कमी होतं.
• विलोपन : जेवताना भुंकला तरी कोणी काहीच दिलं नाही. भुंकणं आधी थोडं वाढतं, मग विझत जातं.

लक्षात घ्या, ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. प्रबलनाने वर्तन वाढतं, शिक्षेने कमी होतं. आणि दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा आजीने गुपचूप तुकडा टाकला, तर भुंकण्याची सवय आणखी चिवट होते!

३) आपल्या महाराष्ट्राचा झंजीर

मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिल्याची नोंद आहे. त्याचं प्रशिक्षण पुण्यात, गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं होतं.

अशा कुत्र्याला आरडीएक्स म्हणजे काय हे थोडंच कळतं? त्याला कळतं ते एवढंच : हा वास सापडला, शांत बसलो, की आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो. म्हणजे वासाची बक्षिसाशी जोडी आणि बसण्याला प्रबलन. पंजाने उकरणं तिथे धोक्याचं, म्हणून इशारा शांत बसण्याचा. शेकडो माणसांचे प्राण वाचवणारं काम, पण पाया आपल्या अभ्यासक्रमातलाच.

४) मार नेमकं काय शिकवतो?

कुत्रा हाक मारल्यावर उशिरा आला आणि आपण फटका दिला. आपल्या मते शिक्षा उशिराची. त्याच्या मते जवळ येण्याची, कारण फटक्याच्या अगदी आधी तो तेच करत होता. पुढच्या वेळी तो आणखी लांब थांबतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मूल शेपटी ओढतं, कुत्रा गुरगुरतो आणि आपण कुत्र्याला मारतो. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. मारामुळे सूचना बंद होते, भीती तशीच राहते. असा कुत्रा उद्या न गुरगुरता चावू शकतो. म्हणून गुरगुर ऐकली की आधी मुलाला बाजूला घ्या, मग कारण शोधा.

५) घरी करून बघा

• एका कृतीला एकच शब्द ठरवा. घरात एक जण ‘बस’ आणि दुसरा ‘खाली’ म्हणत असेल, तर कुत्रा गोंधळतो.
• कृती होताच, एक-दोन सेकंदांत बक्षीस द्या.
• एका वेळी पाच मिनिटं पुरेत. नागपूरच्या उन्हाळ्यात सराव पहाटे किंवा दिवस मावळल्यावर, जमीन निवल्यावरच.
• सवय पक्की झाली की खाऊ हळूहळू कमी करा, शाबासकी चालू ठेवा.

६) आणि वर्गात?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. पण कायदा बाजूला ठेवला, तरी अभिसंधान हेच सांगतं. चुकलेल्या गणितावर छडी बसली, तर भीतीची जोडी चुकीशी नाही, गणिताशी जमते; कधी कधी गुरुजींशीसुद्धा.

अर्थात मूल म्हणजे कुत्रा नव्हे. मुलाला ‘का’ विचारता येतं आणि आपल्याला ते समजावून सांगता येतं. पण दोघांच्याही बाबतीत एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा : मी काय शिकवलं ते राहू द्या, समोरच्याने नेमकं काय कशाशी जोडलं?