लांबचा मार्ग, लवकर मुक्काम!

लेक-जावई किंवा मुलगा-सून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असले, की तिकडे निघालेल्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘विमानात किती तास बसावे लागणार?’ किलोमीटर मोजून याचे उत्तर काढायला जावे, तर हिशेब चुकतो. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग त्याचे उत्तम उदाहरण आहे.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. हे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. प्रत्यक्षात मात्र विमानाचा मार्ग वारा, इंधन आणि परवानग्या पाहून ठरतो. पश्चिमेकडे अटलांटिकवरून जाता येते, तसेच पूर्वेकडे पॅसिफिकवरूनही.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा अटलांटिकवरून सुरू केली. तो मार्ग होता सुमारे १३,९०० किलोमीटरचा. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी विमान प्रथमच पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर. म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाएवढी भर पडली! तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले.

ही किमया वाऱ्याची. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात. नदीतील होडीसारखाच हा प्रकार. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग १,००० होतो. तोच वारा समोरून आला, तर ८०० उरतो. हिवाळ्यात हे वारे अधिक जोर धरतात. त्यामुळे एकाच मार्गावर जाण्यायेण्याची वेळ सारखी नसते.

आणखी एक गंमत म्हणजे तारखेची. पॅसिफिकमध्ये वाररेषा ओलांडली जाते. म्हणून १६ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीहून निघालेले ते विमान १६ ऑक्टोबरच्याच सकाळी तेथे उतरले. विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांना तारीख कळवताना तिकिटावरची स्थानिक वेळच सांगावी.

मार्ग बदलण्याचे दुसरे कारण म्हणजे बंद झालेले आकाश. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाली.

साठीपुढच्या प्रवाशांसाठी दोन तासांचा फरक लहान नाही. तासन् तास बसून पायांना सूज येते, क्वचित रक्ताची गुठळीही होते. म्हणून तिकीट काढताना एकूण वेळ विचारून घ्यावी, शक्यतो कडेची जागा मागावी, अधूनमधून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. रोजची औषधे मात्र मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीतच ठेवावीत.