पत्र्याची होडी आणि अडकलेलं पाणी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मेच्या मध्यावर वॉलआय माशाचा हंगाम उघडतो. त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत गल्लोगल्ली घरांसमोरच्या ताडपत्र्या निघू लागतात आणि खालून बहुतेक वेळा एकच वस्तू बाहेर येते: चौदा-सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट. इथले लोक तिला 'टिन बोट' म्हणतात, जरी तिच्यात कथिल औषधालाही नसलं तरी. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेल्या या राज्यात ती आपल्याकडच्या स्कूटरइतकी घरगुती आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांसाठी लागणारा पत्रा आणि रिव्हेट मारण्यात तरबेज झालेले हात मोकळे झाले. मग तेच तंत्र पाण्यात उतरलं. मिनेसोटातच १९४६ साली अ‍ॅल्युमाक्राफ्ट आणि १९४८ साली न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात लुंड, अशा कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पन्नास-साठ वर्षांच्या बोटी आजही तळ्यांवर दिसतात.

मी अशीच १९८०च्या दशकातली एक चौदा फुटी बोट घेतली. चार जणांचं कुटुंब, दोन गळ आणि एक खाऊचा डबा एवढीच अपेक्षा. पण बोट दारात आली तसे सल्लेही आले. शेजारी बोलले, माशांचं आमिष विकणारे बेटशॉपवाले बोलले, पुण्याहून काकाही फोनवर बोलले. त्या सल्ल्यांतले बरेचसे ठाम होते आणि चुकीचे होते.

गैरसमज: अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, त्यामुळे काळजीच नको.

वस्तुस्थिती: लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, एवढंच खरं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि तोच खालच्या धातूचं रक्षण करतो. ओरखडा पडला की थर पुन्हा धरतो. हा थर मोडतो कशानं, ते आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून ठाऊक आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवू नये आणि ते भांडं सोड्यानं उकळू नये, हे आजीनं सांगितलेलं असतं. आम्ल आणि अल्क दोन्ही त्या थराला खातात.

बोटीत तिसरा शत्रू असतो: अडकलेला ओलावा. ओला गालिचा, कुजलेली पानं किंवा भिजलेला फोम पत्र्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिला की तिथे हवा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही आणि पत्र्याला बारीक खड्डे पडू लागतात. वरून दिसते फक्त पांढरी भुकटी. ती ब्रशनं झाडली की कधी कधी खालून उजेड दिसतो.

चौथा शत्रू म्हणजे दुसरा धातू. पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की विजेचा छोटा घट तयार होतो आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. १९८२ पूर्वीच्या एका सेंटच्या अमेरिकन नाण्यात ९५ टक्के तांबं असायचं. असं नाणं तळाच्या पाण्यात पडून राहिलं तर ते पत्र्याला भोक पाडू शकतं. हीच गोष्ट कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेल्या हिरवट लाकडाची. अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा लाकडातलं आर्सेनिकचं औषध २००३ अखेर बंद झालं आणि त्याच्या जागी तांब्याचा अंश जास्त असलेली औषधं आली. अंगणातल्या डेकसाठी ते लाकूड उत्तम, बोटीच्या पत्र्याला मात्र घातक.

गैरसमज: तळाखालचा फोम म्हणजे भरताड. काढून टाकला की बोट हलकी होते.

वस्तुस्थिती: विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधायचे. फोम हा बोटीचा तो डबा आहे. रिकामी बोट आपल्या आकारामुळे तरंगते, पण पाण्यानं भरली की पत्रा तळाला जाऊ पाहतो. वीस फुटांखालच्या आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर लटकणाऱ्या, इंजिनाच्या बोटींना १ ऑगस्ट १९७८ पासून अमेरिकेत नियमच आहे, की बोट पाण्यानं भरली तरी आतल्या माणसांसह सपाट तरंगत राहिली पाहिजे. बुडत्याला धरायला काठी नव्हे, बसायला फळी उरावी असा त्याचा हेतू.

साधारण प्रतीच्या पॉलियुरेथेन फोमचा एक घनफूट तुकडा किलोभरही भरत नाही आणि पाण्यात सुमारे २७ किलो उचलून धरतो. पण तीस-चाळीस वर्षांत, विशेषतः गोठणं आणि वितळणं सोसून, तोच फोम पाणी पितो. मी तळाची फळी उचलली तेव्हा वरचा फोम कोरडा, पिवळसर, अगदी निरोगी दिसला. करवतीनं खालपर्यंत कापला आणि तुकडा उचलायला गेलो तर भिजलेल्या गादीसारखा जड. कापलेल्या बाजूनं पाणी ठिबकत होतं. डब्याला भोक पडलं होतं आणि वरून कळत नव्हतं.

म्हणून नियम सोपा: भिजलेला फोम काढायचाच, पण जितका काढला तितका नवा, मिटलेल्या पेशींचा फोम परत घालायचा. घालताना सर्वांत खाली, मधोमध, पाणी मागे वाहून जाईल अशी वाट मोकळी सोडायची. पॅकिंगमधला पांढरा थर्मोकोल चालत नाही, पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो.

गैरसमज: मरीन प्लाय लावलं की लाकडाचा प्रश्न कायमचा मिटला.

वस्तुस्थिती: हा पुण्याच्या काकांचा सल्ला. "अरे, आमच्या ओट्याखाली वीस वर्षं मरीन प्लाय आहे, काही झालं नाही." ओट्याखाली पाणी शिंपडतं, बोटीच्या मागच्या फळीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, ते मुरतं. शिवाय अमेरिकेतल्या मरीन प्लायला कीडनाशक औषध मुरवलेलं नसतं. 'मरीन'चा अर्थ इतकाच, की डिंक पाण्यानं सुटणार नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या नसतील. लाकूड शेवटी लाकूडच. त्याला बुरशी लागते.

ट्रान्समवर सगळं इंजिन लटकतं, म्हणून तपासणी तिथून सुरू करावी. हातोडीनं हलके ठोकत जावं. निरोगी लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं भद्द. इंजिन तिरकं उचलून धरून वरखाली दाबावं आणि फळी लवते का ते बघावं. लवत असेल तर रंगरंगोटीचा विचार बाजूला ठेवावा.

नवी फळी साधारणपणे पाऊण इंची प्लायचे दोन तुकडे इपॉक्सीनं चिकटवून दीड इंचाची करतात. पण तिचं आयुष्य भोकांवर ठरतं. इंजिनाच्या बोल्टचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं आणि त्या इपॉक्सीतून पुन्हा योग्य मापाचं भोक काढायचं. कडांनाही इपॉक्सीचे दोन-तीन हात. म्हणजे बोल्टपाशी पाणी आलं तरी लाकडाला भेटत नाही. वेळ जातो, पण चांगलं प्लाय घेऊन भोकं उघडी ठेवण्यापेक्षा साधं बाहेरच्या वापराचं प्लाय घेऊन भोकं बंद करणं कधीही बरं.

गैरसमज: रिव्हेट गळतोय? वेल्डिंग मारून टाका.

वस्तुस्थिती: या बोटींचा पत्रा बहुधा दीड-दोन मिलिमीटरचा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यावरचं ऑक्साइड २,००० अंशांच्याही वर. नवख्याच्या हातात वरचा थर हटेपर्यंत खालचा पत्रा गळून पडतो. जमलंच तरी उष्णतेनं पत्रा वाकतो, आसपासचा भाग मऊ पडतो आणि शेजारचे चांगले रिव्हेट सैल होतात. एक गळती बुजवून चार उघडायची.

आधी गळती शोधावी. बोट ट्रेलरवर ठेवून, तळाला जागोजागी आधार देऊन आत रिव्हेट बुडतील इतकंच पाणी भरायचं. काठोकाठ नाही, कारण शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. मग खाली झोपून थेंब कुठे धरतो ते बघत खडूनं गोल काढायचे. माझ्या बोटीखाली अकरा गोल निघाले, त्यांतले आठ एकाच ओळीत.

बरेचसे सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट होतात, पण हे दोघांचं काम आहे. बाहेर एक जण एअर हॅमर घेऊन, आत दुसरा रिव्हेटच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून. आत बायको होती, कानांवर आवाज अडवणारे मफ लावून. "धरलंय. हं, मार!" एवढंच ती ओरडायची, मग दोन सेकंद ठणठणाट आणि पुढचा रिव्हेट. सकाळभरात ओळ संपली. जे घट्ट होईनात ते ड्रिलनं काढून, भोकाला सीलंट लावून नवे भरीव रिव्हेट घातले. दुकानातले साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात, ते पाण्याखाली वापरू नयेत. आत हात पोचत नसेल अशा जागी बंद तोंडाचे पॉप रिव्हेट सीलंटसह चालतात. आतून इपॉक्सी फासणं हा शेवटचा हात आहे. हलणाऱ्या रिव्हेटवर नुसती इपॉक्सी टिकत नाही.

गैरसमज: घासा, रंग मारा, झालं.

वस्तुस्थिती: ऑक्साइडवर साधा रंग धरत नाही, पापुद्र्यानं निघतो. तेल-शेवाळ धुऊन, घासून, लगेच अ‍ॅल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर लावावा आणि मग रंग. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, त्याचे कण पत्र्यात रुततात. जुन्या बोटींचा पिवळट-हिरवा प्रायमर झिंक क्रोमेटचा असू शकतो. त्याची धूळ कर्करोगकारक, म्हणून कोरडं घासणं टाळावं आणि मास्क लावावा. समुद्री बोटींच्या तळाला लावतात तो तांबेयुक्त रंग इथे नकोच, कारण वर सांगितलं तेच.

गैरसमज: गाडीसारखं बोटीचं अंगच अर्थिंगला वापरावं.

वस्तुस्थिती: गाडीत बॅटरीची ऋण बाजू पत्र्याला जोडतात. पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियममधून असा प्रवाह फिरला तर झिजण्याचा वेग कितीतरी वाढतो. प्रत्येक दिव्याला आणि पंपाला जाणारी-येणारी अशा दोन वायरी ओढाव्यात आणि बॅटरीजवळच फ्यूज द्यावा.

गैरसमज: मोठं इंजिन आणि उंच सपाट डेक केला की बोट 'फॅमिली'ची होते.

वस्तुस्थिती: जुन्या बोटीच्या आत एक छोटी पट्टी ठोकलेली असते. तीवर माणसं, एकूण वजन आणि जास्तीत जास्त अश्वशक्ती लिहिलेली असते. पट्टी पडून गेली असेल तर एक ठोकताळा आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. चौदा गुणिले पाच म्हणजे सत्तर, भागिले पंधरा. उत्तर चारच्या वर आणि पाचच्या आत, म्हणजे चार माणसं. एक माणूस १५० पौंडांचा, सुमारे ६८ किलोंचा धरलेला, आणि हवा-पाणी शांत असेल तरच.

आसनांच्या उंचीवर प्लायचा डेक टाकला की मासे पकडायला ऐसपैस वाटतं. पण त्यावर उभ्या माणसाचं वजन तितकंच वर सरकतं. मुलं एका काठाकडे मासा बघायला धावली की फरक कळतो. फळ्या तळाशी ठेवाव्यात, हलक्या ठेवाव्यात, आणि आसनं काढू नयेत. ती नुसती बसायला नसतात, बोटीच्या दोन बाजूंना ताणून धरतात.

गैरसमज: इंजिन एका झटक्यात सुरू झालं, म्हणजे ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती: आउटबोर्ड इंजिन तळ्याचंच पाणी ओढून थंड होतं आणि ते ओढतो एक छोटा रबरी इम्पेलर. तो वाळला की इंजिन सुरू होतं, पण तापतं. इंजिन पाण्याबाहेर कोरडं चालवून दाखवलं असेल तर इम्पेलर गेलाच समजावा, बदलून टाकावा. खालच्या गिअरचं तेल थोडं सोडून पाहावं. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत हिवाळाभर ठेवू नये, ते हवेतली ओल धरतं.

गैरसमज: आम्हाला पोहता येतं, जॅकेट मुलांना पुरे.

वस्तुस्थिती: मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत जॅकेट घालणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण बुडतात ते बहुधा मोठे. अमेरिकी कोस्ट गार्डच्या २०२२ च्या आकडेवारीत, मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून गेले आणि त्या बुडालेल्यांपैकी ८५ टक्के जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. मे महिन्यातलं इथलं पाणी विहिरीचं पाणी नव्हे. त्यात पडलेल्या माणसाला पहिलं मिनिट श्वास सावरायला लागतं आणि पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. पोहणं येत असूनही उपयोग नसतो. इंजिन बंद करणारी दोरी बोटीत असेल तर ती चालकाच्या अंगाला अडकवणं २०२१ च्या एप्रिलपासून अमेरिकेत सक्तीचं आहे. जुन्या बोटीत नसेल तर बसवून घ्यावी. चालक पडला तर मागे मुलांसह बोट एकटीच धावू नये.

राहिलं बूच. ट्रान्समच्या तळाशी पाणी सोडायचं एक भोक असतं. मिनेसोटाचा नियम आहे, की तळ्यावरून निघताना बूच काढायचं आणि रस्त्यात ते काढलेलंच ठेवायचं, म्हणजे झेब्रा नावाच्या उपद्रवी शिंपल्यांची पिल्लं एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जात नाहीत. नियम तळ्यांसाठी केलाय, पण पत्र्याच्या होडीसाठीही त्याहून चांगला नियम मला सुचत नाही. फोम, फळी, गालिचा, सगळ्यांचं दुखणं एकच होतं: पाण्याला यायला वाट होती, जायला नव्हती.

पहिल्याच फेरीत ते बूच परत लावायला मी विसरलो. मुलीनं विचारलं, "बाबा, माझे मोजे का भिजले?" तेव्हा काठ वीस हातांवर होता म्हणून बरं. आता घरी निघताना काढलेलं बूच मी ट्रेलरच्या विंचच्या हुकलाच बांधतो. ते हातात आल्याशिवाय हुक सुटत नाही, आणि हुक सुटल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही.