बर्फातल्या वाटांचा हिशेब

जंगलात गुडघाभर बर्फ साचला की नेहमीचा नकाशा निम्मा निकामी होतो. पायवाटा गाडल्या जातात, ओढे दिसेनासे होतात, तळी गोठून मैदानासारखी सपाट होतात. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातली ठरलेली ठिकाणं कमीत कमी वेळात गाठायची, हा ओरिएंटिअरिंगचा खेळ. उत्तर युरोपातले लोक तो हिवाळ्यात स्कीवर खेळतात. स्की-ओरिएंटिअरिंगची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली फिनलंडमध्ये ह्युविंका इथे झाली. पण हौशी माणसानेही एकदा तरी अनुभवावा असा हा खेळ आहे.

आयोजक आधी स्नोमोबाइल फिरवून जंगलात वाटांचं जाळं दाबून घेतात. या वाटा नकाशावर हिरव्या रंगात असतात आणि नवख्याने प्रथम त्याच वाचायला शिकावं. जाड, सलग रेघ म्हणजे रुंद वाट. तिथे पाय फाकवून स्केटिंग करत जोरात जाता येतं. तुटक रेघ म्हणजे अरुंद वाट. तिथे पाय फाकवायला जागा नसते, दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलावं लागतं. तपकिरी समोच्च रेषा चढ-उतार सांगतात. सुरुवात त्रिकोणाने, शेवट एकात एक दोन वर्तुळांनी, आणि मधली ठिकाणं, म्हणजे कंट्रोल, साध्या वर्तुळांनी दाखवतात.

कंट्रोलवर आकाशकंदिलासारखं टांगलेलं, नारिंगी-पांढरं तीन बाजूंचं कापड असतं. उन्हाळी खेळात ते खडकाआड किंवा घळीत असू शकतं. इथे ते वाटेवरूनच दिसतं. त्यामुळे खरी कसोटी शोधण्याची नसून वाट निवडण्याची असते, आणि मला या खेळात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

एक उदाहरण घेऊ. १:१०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. पुढच्या कंट्रोलकडे सात सेंटिमीटरची तुटक रेघ टेकडीवरून जाते, आणि दहा सेंटिमीटरची जाड रेघ टेकडीला वळसा घालते. अरुंद चढावर तुमचा वेग ताशी सात किलोमीटर धरला, तर सातशे मीटरला सहा मिनिटं. रुंद वाटेवर ताशी बारा धरला, तर हजार मीटरला पाच. लांबची वाट जिंकली! उताराचा विचार वेगळाच. अरुंद वाटेवर स्कीची टोकं आत वळवून वेग आवरायलाही जागा नसते, म्हणून तिथला तीव्र उतार नवख्याने टाळलेला बरा. वाट सोडून सरळ बर्फात घुसण्याचा मोहही होतो. पण भुसभुशीत बर्फात स्की रुततात आणि वाचवलेलं अंतर वेळेत वसूल होत नाही.

दोन्ही हातांत काठ्या असल्याने नकाशा छातीवरच्या फिरत्या पाटीवर लावतात. वळलात की पाटी फिरवायची, म्हणजे नकाशातली उत्तर आणि जमिनीवरची उत्तर जुळलेली राहते. हे जाळं दाट असतं. दोन-तीनशे मीटरमध्ये चार फाटे येऊ शकतात. म्हणून फाटे मोजत जायचं: “पहिला सोडायचा, दुसरा सोडायचा, तिसऱ्याला उजवीकडे.” आणि हे ठरवायचं सोप्या, सरळ पट्ट्यात, फाट्यावर पोहोचून नव्हे. फाटा चुकल्यासारखा वाटला तर अंदाजाने पुढे रेटू नये. खात्रीच्या शेवटच्या फाट्यापर्यंत मागे यावं.

कंट्रोलवर पोहोचलात की वर्तुळाशेजारचा सांकेतिक क्रमांक तिथल्या क्रमांकाशी ताडून पाहा, मग हाताला बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपने नोंद करा. शेजारच्या मार्गाचा कंट्रोल आपला समजून नोंदवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

कपड्यांबद्दल थोडक्यात. जाड एक कोट नको, पातळ थर हवेत, कारण चालताना घाम येतो आणि थांबताच तो गारठवतो. शेवटी लगेच बदलायला कोरडे कपडे तयार ठेवा.

एक नियम मात्र कधीही मोडू नये. मार्ग अर्धवट सोडलात तरी समाप्तीच्या ठिकाणी जाऊन चिप वाचून घ्यायची. न सांगता घरी गेलेल्या माणसासाठी आयोजक अंधारात, गोठवणाऱ्या थंडीत जंगल पालथं घालतात. चिप वाचली की प्रत्येक टप्प्याचा वेळ हाती पडतो. तो घेऊन टेकडीवरून गेलेल्या कुणाशी आपला वळशाचा टप्पा ताडून पाहा.