शाळा ‘डिजिटल’ झाली, पण टीव्ही चालू होतो का? पालकांनी तपासायच्या पाच गोष्टी

आपल्याकडच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ असं ठळक रंगवलेलं दिसतं. २०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून, कुठं कंपन्यांच्या मदतीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब शाळेत आले. गावानं पैसा घातलाय, तर त्याचा पोरांना किती उपयोग होतो हे बघणंही गावाचंच काम आहे.

सरकारी नोंद बघायची तर यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची माहिती असते. शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकला की वीज आहे का, संगणक किती, हे दिसतं. पण वस्तू शाळेत आहे एवढंच त्यावरून कळतं. ठिबकच्या नळ्या बांधावर गुंडाळून पडल्या असतील तर कागदावर ठिबक असतं, पिकाला पाणी मिळत नाही. तसंच हे. म्हणून पुढच्या पाच गोष्टी स्वतः बघाव्यात.

१) वीज आहे का? मीटर चालू आहे का, बिल थकलंय का, शाळेच्या वेळेत लाईट किती तास असते, हे आधी विचारा. इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी टिकते का तेही बघा. टीव्ही बंद असण्याचं कारण पुष्कळदा इथंच सापडतं.

२) आठवड्यात किती वेळा लागतो? याचं उत्तर पोरांकडून घ्या. “या आठवड्यात टीव्हीवर काय बघितलं?” एवढंच विचारायचं. पोरगं पाठाचं नाव सांगत असेल तर वापर चालू आहे. “साहेब आले होते तेव्हा लावला होता,” असं म्हणालं तर काय ते समजून घ्या.

३) हात कोणाचा लागतो? टॅब कपाटात कुलूपबंद आहेत, की पोरं हाताळतात? आणि हाताळतात तर सगळी, का पुढच्या बाकावरची हुशार चार-पाचच? ज्या घरात स्मार्टफोन नाही, त्या पोराला शाळेतला टॅब हाच एक आधार. मागच्या बाकावरच्या पोरीपर्यंत तो पोचला तरच पैसा कामी आला.

४) दाखवतात काय? बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात. दीक्षा ॲपनं ते स्कॅन केले की त्या पाठाचं साहित्य उघडतं. गावात रेंज नसेल तर ते आधी डाऊनलोड करून ठेवता येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जि. प. शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यामागं पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं कामही होतं. म्हणजे साधन महागडंच पाहिजे असं काही नाही. चालू पाठाशी जोडलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ आणि त्यावर गुरुजींचे चार प्रश्न, हा चांगला वापर. नुसतं कार्टून लावून वर्ग गप्प बसवणं हा वापर धरू नका.

५) पोरगं शिकलं का? २०२१ पासून ‘निपुण भारत’ अभियान चालू आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी आकडेमोड जमली पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट. टीव्हीवर गोष्ट बघितली म्हणतंय ना, मग तोच पाठ पुस्तकातून वाचायला लावा. पाच ओळी वाचून दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

यात गुरुजींवर सगळं खापर फोडू नये. दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात, वर ऑनलाईन माहिती भरण्याचं काम असतंच. पैशाचंही तसंच. समग्र शिक्षा योजनेच्या निकषानुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान, ३१ ते १०० पटाला २५ हजार. वीजबिल, इंटरनेट, दुरुस्ती, किरकोळ साहित्य, सगळं त्यातच बसवायचं. लहान शाळेला महिन्याला हजार रुपयेसुद्धा पडत नाहीत. टीव्हीचा बोर्ड जळला तर तो कोपऱ्यातच राहणार.

मग करायचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं ही समितीची कामं कायद्यातच लिहिली आहेत. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न मांडा: बंद वस्तू किती, दुरुस्तीला खर्च किती, तो कोण देणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेकडं पैसा नसेल तर ग्रामसभेत दुरुस्ती आणि वीजबिलाचा ठराव मांडा. नवा टीव्ही मागण्याआधी जुना चालू करून घ्या.